पाऊण ते एक

साळवेमामांना जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी माहीत होत्या, फक्त निम्म्या. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टा आम्ही त्यांची भरपूर केली, तो भाग वेगळा. पण हे घड्याळ लावून मोजता येईल असं सत्य होतं.

चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, दुचाकींचे सुटे भाग बनवणारा. मी खरेदी विभागात बसते आणि मामा शेजारच्या स्टोअरमध्ये बसायचे. मध्ये एक जाळीची खिडकी, आणि दिवसभर मशीनच्या आवाजावर ओरडून बोलणं. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. मामा दहा मिनिटांत डबा संपवायचे, हात धुवायचे आणि पाऊण वाजता सरकारी रेडिओवर माहितीचा कार्यक्रम लागला की खुर्ची भिंतीला टेकवून बसायचे. सोमवारी शेती, मंगळवारी आरोग्य, बुधवारी कायदा, गुरुवारी स्वयंपाक. कार्यक्रम अर्ध्या तासाचा. एक वाजता कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि मामा रेडिओ बंद करायचे. बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर असला तरी.

मी नवीन होते तेव्हा एकदा म्हणाले, "मामा, आवाज बारीक करून चालू ठेवा की. इथं कोण बघतंय?"

"कुणी बघत नाय म्हणूनच," ते म्हणाले. "कामाच्या टायमाला काम."

 त्यांच्या रेडिओच्या बॅटरीचं झाकण कधीच हरवलं होतं आणि बॅटऱ्या पडू नयेत म्हणून त्यांनी त्याला रबराच्या दोन रिंगा घातल्या होत्या. त्या रिंगा नाकारलेल्या मालातल्या होत्या, आणि त्या घेण्यासाठीही मामांनी साहेबांची सही असलेली चिठ्ठी करून ठेवली होती. असा माणूस भोंग्यानंतर रेडिओ ऐकणं शक्यच नव्हतं. त्यामुळे चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक विषयाचा पहिला अर्धा भाग ऐकला.

याचे परिणाम आम्ही भोगले. गुरुवारी संध्याकाळी सुटताना मामा खिडकीशी येऊन मला पदार्थाचं साहित्य सांगायचे. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी आंबट दही, सात-आठ लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे तीळ.

"आणि मग?" मी विचारायची.

"मग भोंगा."

कृती त्यांना एकाही पदार्थाची माहीत नव्हती. एकदा मी हट्टानं त्या यादीवरून काहीतरी थापून, भाजून आणलं. मामांनी डोळे मिटून सावकाश चावलं आणि म्हणाले, "हेच आसंल बघा." ते काय होतं हे आजतागायत मला माहीत नाही. आमच्या घरी मात्र तो पदार्थ अजून होतो, आणि मुलं त्याला 'साळवे' म्हणतात. आज साळवे कर, असं.

बुधवारच्या कायद्याचीही तीच गत. ग्राहकानं फसवणूक झाल्यावर कोणकोणती कागदपत्रं सांभाळून ठेवायची हे त्यांना तोंडपाठ होतं, ती घेऊन जायचं कुठं ते मात्र नाही. पण सगळ्यात अवघड मंगळवार. कारण आजारांची लक्षणं पहिल्या अर्ध्यात सांगतात आणि उपचार दुसऱ्या. मंगळवारी रेडिओ लागला की मामांसमोर कुणी उभं राहायला धजत नसे. ते माणसाच्या नखांकडे बघायचे, डोळ्यांच्या कडांकडे बघायचे, आणि मग हळू आवाजात विचारायचे, "जिना चढताना धाप लागते का?" आमच्या अकाउंट्सच्या जोशींना त्यांनी नखं पांढरी दिसतात म्हणून इतकं घाबरवलं की ते बिचारे रक्त तपासून आले. रक्त खरोखर कमी निघालं. जोशींनी मामांना पेढे दिले आणि दुसऱ्या मंगळवारपासून डबा खायला गच्चीवर जायला लागले.

हवामानावर त्यांची श्रद्धा अशी की विचारू नका. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी पाऊस, असं सकाळी ऐकलं की मामा छत्री घेऊन यायचे. ऊन चटचटत असायचं. आम्ही हसायचो. मामा म्हणायचे, "तुरळक ठिकाणी म्हणलेत. आपलं ठिकाण त्यातच आसंल, काय सांगावं." चौतीस वर्षांत ते दोन-तीनदा बरोबर ठरले असतील, पण त्या दोन-तीन दिवशी सगळा स्टाफ कंपनीच्या बसपर्यंत त्यांच्या एका छत्रीखाली गेला, हेही सांगायला हवं.

मामांच्या तोंडात दोन मराठी भाषा होत्या. रेडिओवरून आलेलं ज्ञान ते रेडिओच्या मराठीत सांगायचे. "पिकाला पाण्याचा निचरा होणे अत्यंत आवश्यक आहे," असं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि स्वतःच्या मनातलं सांगायचे ते गावच्या बोलीत. त्यामुळे आम्हाला सोय झाली होती. "आहे" म्हणाले की रेडिओ बोलतोय, "हाय" म्हणाले की मामा बोलतायत. सकाळच्या संस्कृत बातम्यासुद्धा ते ऐकायचे. त्यातलं काय कळतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "कळत नाय काय. पर ऐकायला आता कुणाची मनाई नाय, मंग का सोडा?"

हे ते हसून म्हणाले, पण बोलले गावच्या भाषेत. म्हणून मी पुढं विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी कन्नड तालुक्यातल्या त्यांच्या गावात एकच रेडिओ होता, चावडीवर. गावातली माणसं ओट्यावर बसून ऐकायची. साळव्यांच्या वस्तीतली माणसं खाली, लांब, लिंबाखाली उभी राहायची. "वारं इकडं आसलं तर ऐकू यायचं, तिकडं फिरलं की गेलं. माझा बाप जेवढं ऐकू आलं तेवढं घरी येऊन सांगायचा. आमचं तेवढ्यावरच भागायचं."

"राग नाही यायचा?"

"यायचा की. म्हणून तर पयल्या पगारात हा घेतला," मामा म्हणाले आणि त्यांनी रेडिओवर दोन बोटं ठेवली.

त्यांच्या निम्म्या ज्ञानाला आम्ही हसत असलो तरी जाधव कधी हसायचा नाही. जाधव आमच्याकडे फिटर. त्याचं घर कन्नड तालुक्यात, थोडी शेती, तीत आल्याचं पीक. एका सोमवारी तो जेवताना सहज म्हणाला की आल्याची पानं शेंड्याकडून पिवळी पडायलीत, खत कमी पडलं वाटतं.

मामांचा घास हातातच राहिला. "खोड धरून वढून बघितलं का?"

"बघितलं. अलगद येतंय हातात."

"बुडाशी पाणचट लागतंय?"

"व्हय."

मामा ताठ बसले आणि रेडिओच्या मराठीत म्हणाले, "ही कंदकुजीची लक्षणे आहेत."

"मग काय करू मामा?"

"ते मला ठाव नाय. तवा भोंगा झाला. पर तू आज रजा टाक. उद्या नाय, आज. एक उपटून घे आन् थेट शेतकी हाफिसात जा. ज्याला फुडचं ठाव हाय त्याला दाखव." एवढं बोलून ते थांबले नाहीत. जाधवचा रजेचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि त्याला दीडच्या एसटीला घालवायला फाटकापर्यंत गेले. शेतात पाणी साठत होतं, चर खणून ते काढलं, औषध दिलं, आणि कोपऱ्यातला तुकडा सोडला तर बाकीचं पीक वाचलं. पुढं महिनाभर आमच्या कॅन्टीनचा चहा जाधवच्या आल्याचा होता. इतका झणझणीत की साहेबांना ठसका लागायचा.

माणसं निवृत्तीनंतर केरळला जायचं म्हणतात, नातवंडं खेळवायची म्हणतात. मामांचं एकच होतं. "रिटायर झालो की सव्वापर्यंत ऐकायचं." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्ही त्यांच्यासमोर ते एका सुरात म्हणून दाखवायचो. हल्ली मोबाइलवर जुने कार्यक्रम पुन्हा ऐकता येतात, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली. शिळं नको, म्हणाले.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा, पाऊस सरता सरता, मामांचा आवाज बसला. सर्दी असेल, असं सगळेच म्हणाले. दिवाळी झाली तरी आवाज परत आला नाही. बोलताना घशातून नुसती खरखर यायची. हळूहळू ते कमीच बोलायला लागले. आणि मला कबूल करायला लाज वाटते, पण पहिले काही दिवस आम्हाला ते बरं वाटलं. मंगळवारी लोक निवांत जेवायला लागले. जोशी गच्चीवरून खाली आले.

मग माझ्या लक्षात आलं की मंगळवारी मामा रेडिओ लावतच नाहीत. बाकीचे दिवस लावायचे. मंगळवारी पाऊण वाजला की उठून रॅकमधली बेअरिंगची खोकी उगाच पुसत बसायचे. डिसेंबरात एका दुपारी त्यांनी खिडकीतून एक वही माझ्याकडे सरकवली. स्टोअरमधली कुठली वस्तू कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या कप्प्यात, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं.

"मामा, निवृत्तीला अजून पाच महिने आहेत. आत्ताच कशाला?"

"आसू द्या ताई. तंवर मी आसंन का नाय."

मी खिडकी सोडून दारानं आत गेले आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. विचारलं, काय ते सांगा.  मग त्या फुटक्या आवाजात, गावच्या भाषेत, त्यांनी सांगितलं. आवाज बसला त्यानंतर महिनाभरानं एका मंगळवारी रेडिओवर घशाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. कर्करोगावर बोलत होत्या. लक्षणं सांगताना म्हणाल्या, आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलेला असेल तर.

"तर काय?"

"तरच्या फुडं भोंगा झाला."

मला हसू आलं. ते आलेलं त्यांनी पाहिलं आणि मग माझं हसू कुठल्या कुठं गेलं. हा माणूस दोन महिने त्या एका 'तर'च्या पुढं स्वतःच सगळं रचत बसला होता. घरी मामींनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, डॉक्टरकडे का नाही गेलात?

"गेलं की कळतं," मामा म्हणाले. "आन् मला सव्वापर्यंत ऐकायचं होतं वो ताई. लई वर्सं ठरवलं होतं. आता तेवढं बी नशिबात नाय म्हणलं तर ते दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू?"

मला रागच आला. मी मुळात तापट आहे आणि भीती वाटली की आणखी तापते. म्हणाले, "जाधवनं आलं पिवळं पडलंय म्हटल्यावर तुम्ही त्याला जेवणही पुरं करू दिलं नाहीत. आज जा म्हणालात, उद्या नाही. तेव्हा तुम्हाला तरी पुढचं कुठं ठाऊक होतं?"

"त्याचं पीक होतं," मामा म्हणाले. "दुसऱ्याच्या पिकाला माणूस हुशार आसतो."

त्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज मी लिहिला. रेडिओवर बोललेल्या डॉक्टरीणबाईंचं नाव मामांना अर्थातच पाठ होतं, पदव्यांसकट. बाई दर शुक्रवारी सरकारी दवाखान्यात बसतात हेही कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्यातच सांगितलेलं होतं. शुक्रवारी मामा, मामी आणि मी असे तिघं गेलो. रांगेत मामी मला म्हणाल्या, "घरात बी बोलंनात ताई. मला वाटलं माझ्यावर रुसलेत. मी बी मग बोलले नाय." म्हणजे हर्सूलच्या त्यांच्या दोन खोल्यांत दोन महिने दोघंही एकमेकांनी समजूत काढायची वाट बघत बसले होते.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, काय होतंय. मामांनी डोळे मिटले.

"डोळे का मिटलेत?"

"आवाज तोच हाय का बघायलो," मामा म्हणाले. "हाय. तोच हाय."

बाईंनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर त्यांचा घसा बघितला. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते, मामी माझा हात धरून होत्या. बाई निवांत होत्या. नळी काढून त्यांनी केसपेपरवरचं कारखान्याचं नाव वाचलं आणि हात धुता धुता विचारलं, "मशीनच्या आवाजावर ओरडून किती वर्षं बोलताय?"

"चौतीस."

"मग आणखी काय होणार? कुदळ धरून हाताला घट्टे पडतात ना, तसे स्वरयंत्राला पडलेत."

"कॅन्सर नाय ना?" हे मामींनी विचारलं, थेट.

"नाही."

मामी खुर्चीत एकदम मागं टेकल्या. मामा मात्र हलले नाहीत. म्हणाले, "बाई, एक इचारायचं होतं. त्या मंगळवारी तुम्ही 'तर' म्हणाला. त्याच्या फुडं काय म्हणाला?"

बाईंना काही कळेना. मग मी भोंग्याची हकीकत सांगितली. त्या इतक्या हसल्या की बाहेरचा पेशंट डोकावून गेला. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "तर घाबरून घरी बसू नका, एकदा दाखवून घ्या. बहुतेक वेळा साधंच निघतं. आणि नसलं साधं तरी लवकर आलात तर बरं करता येतं. असंच म्हणाले असेन. दर वेळी तेच म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही आता पंधरा दिवस अजिबात बोलायचं नाही. आणि कडक चहा बंद."

बाहेर येऊन मामा बाकावर बसले आणि रडले. आवाज नव्हताच, त्यामुळे नुसते खांदे हलत होते. मामी पदरानं त्यांचं तोंड पुसत म्हणत होत्या, आता का, आता का. मीही रडले, खोटं कशाला सांगू. त्या दिवसाइतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही रिपोर्टनंतर वाटलेलं नाही.

ते पंधरा दिवस मामांनी अर्थातच नियमानं पाळले. छातीच्या खिशात छोटी वही ठेवली. पहिल्याच सकाळी जाधवनं तब्येत विचारली तर त्यांनी लिहून दाखवलं, "तांत्रिक कारणामुळे प्रसारण बंद आहे. क्षमस्व." जाधव ते पान फाडून घेऊन गेला. अजून त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे. वर दोन दिवस जास्तीचे धरून मामा बोलले आणि योगायोगानं तो मंगळवार होता. जोशी मुकाट्यानं डबा उचलून गच्चीवर गेले.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब बोलत असताना एकचा भोंगा झाला आणि सवयीनं मामा उठायला लागले, तेव्हा अख्खं कॅन्टीन हसलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, जुलैत. काही कामासाठी रजा घेतली होती, ते लवकर आटोपलं म्हणून हर्सूलला गेले. मंगळवारच होता. घरापुढं पत्र्याच्या सावलीत मामा खुर्ची भिंतीला टेकवून बसले होते. स्टुलावर रेडिओ, त्याला त्याच दोन रिंगा. कोपऱ्यात छत्री उभी होती. मी "जयभीम मामा" म्हणाले तर त्यांनी एका हातानं जयभीम घातला आणि दुसऱ्या हातानं बसायची खूण केली. रक्तदाबावर कुणी डॉक्टर बोलत होते.

एक वाजला. तिथं ना भोंगा, ना कारखाना. पण मामा उठले आणि त्यांचा हात बटणाकडं गेला.

"बसा," मामी आतूनच म्हणाल्या. "अजून राहिलंय."

मामा बसले. मामी पाणी घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "रोज उठतेत. मी चुलीपाशी असले तरी एक वाजता माझा कान इकडंच असतो."

सव्वापर्यंत आम्ही तिघं गप्प बसून ऐकत राहिलो. मीठ कमी करा, चालायला जा, गोळी चुकवू नका, बाकी काळजीचं कारण नाही. कार्यक्रम संपला तेव्हा मी विचारलं, "काय मामा, दुसरा अर्धा कसा आहे?"

मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज त्यांचा पूर्वीसारखाच झाला होता, जरा मऊ. म्हणाले, "ताई, समद्या विषयांत एकच हाय बघा. पयल्या अर्ध्यात भ्या दाखवतेत आन् दुसऱ्या अर्ध्यात समजूत घालतेत. चौतीस वर्सं मी नुसताच भ्यालो."

आणि ते इतके मोकळे हसले की मामींनी त्यांना घसा जपायला सांगितलं.

मी निघाले तेव्हा ते उठले नाहीत, बसल्या जागेवरून हात केला. फाटकातून मागं वळून पाहिलं. कार्यक्रम संपून गेला होता, रेडिओवर नुसती सतार चालली होती, आणि मामांनी तो बंद केला नव्हता.